आधी त्यांना विचारा



हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांमधली एखादी आजी दवाखान्यात दाखल होते, तेव्हा डॉक्टर बोलतात ते तिच्या मुलाशी. संमतिपत्र इंग्रजीत, बोलणं तेलुगूत आणि आजींना येते मराठी नि दखनी. सही मुलगाच करतो. ‘तिला काही सांगू नका, हाय खाईल,’ असंही तोच सांगतो. यात माया असते. पण शरीर आजींचं असतं.

कायदा काय म्हणतो? समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय काढलं होतं. जिवाला तातडीचा धोका नव्हता. सज्ञान रुग्णाऐवजी आईने दिलेली संमती चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दिला. सत्तरी ओलांडली म्हणून हा हक्क संपत नाही. कानाने कमी ऐकू येणं म्हणजे समज जाणं नव्हे.

खरा पेच आयसीयूच्या दाराशी पडतो. अमेरिकेतला मुलगा फोनवर म्हणतो, ‘डॉक्टर, सगळं करा.’ इथली सून रोज हाल पाहत असते. आजोबांना काय हवं होतं, ते कुणालाच ठाऊक नसतं. यावर उपाय आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातून पुढे गेलेला, निरर्थक उपचार थांबवण्याचा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालात पक्का झाला: शुद्धीत असताना ‘लिव्हिंग विल’, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत याचं इच्छापत्र, करून ठेवता येतं. 2023 पासून त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे असतात. वेळ आली तरी एकटा डॉक्टर व्हेंटिलेटर काढत नाही; दोन वैद्यकीय मंडळांचं मत घ्यावं लागतं.

उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबवायची नसते. वेदना, धाप, बेचैनी यांवर अखेरपर्यंत औषधं देता येतात. आपल्याच शहरात, रेड हिल्सच्या एमएनजे कर्करोग रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

तेव्हा घरातली थोर मंडळी धडधाकट आहेत तोवरच त्यांना विचारा: दुखणं बळावलं तर काय करावं, कुणी ठरवावं? उत्तर लिहून, त्यांची सही घेऊन ठेवा. आणि दवाखान्यात डॉक्टरांना सांगा, ‘आधी त्यांच्याशी बोला, दुभाष्याचं काम आम्ही करू.’