समेवर येणारे गुपित



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी एक रुक्ष विषय घेऊन उभा आहे, याची मला जाणीव आहे. तथापि त्याचा आरंभ आपल्या बैठकीतूनच करतो. गायक आणि तबलजी एकमेकांचे ऐकत, एकमेकांना सांभाळून घेत समेवर येतात. भिंतीपलीकडचा श्रोता दोघांनाही ऐकतो; पण त्याच्यासाठी कोणीच थांबत नाही.

२००२ साली इस्रायलमधील इडो कांटर, जर्मनीतील वोल्फगांग किंझेल व त्यांचे सहकारी यांनी नेमक्या याच तत्त्वावर गुप्तलेखनाची एक पद्धत मांडली. दोन टोकांना दोन कृत्रिम चेताजाले. प्रत्येकाचे अंतर्गत भारांक निराळे व गुप्त. दोघांनाही एकच उघड प्रश्न दिला जातो आणि प्रत्येक जाल केवळ ‘अधिक एक’ किंवा ‘उणे एक’ एवढेच उत्तर देते. उत्तरे जुळली, तरच दोघे आपले भारांक किंचित बदलतात. काहीशे फेऱ्यांनंतर ते भारांक तंतोतंत एक होतात आणि तीच संदेशाची किल्ली ठरते. ती किल्ली कोणी कोणाला सांगितलेली नसते! चोरून ऐकणारा मात्र मागे पडतो, कारण तो शिकू शकतो, शिकवू शकत नाही.

कल्पना मोहक होती. परंतु त्याच वर्षी क्लिमोव्ह, मित्यागिन आणि शमीर यांनी ती भेदून दाखविली. त्यांच्या एका युक्तीत चोर एक नव्हे, तर अनेक नकली जाले पाळतो. चुकणारी टाकतो, साधणारी वाढवितो. शिवाय चोर केवळ ऐकणाराच असेल असे नाही. तो मध्ये बसून निरोप अडवू शकतो, बदलू शकतो, किंवा पलीकडचा सोबती असल्याचे सोंगही आणू शकतो. समोर कोण आहे, हे नुसत्या तालावरून कळत नाही; ओळखीची खातरजमा निराळीच करावी लागते.

आपले दूरध्वनीवरील बँकव्यवहार या पद्धतीवर चालत नाहीत. ते दीर्घ, उघड परीक्षेला उतरलेल्या अन्य पद्धतींवर चालतात. पण हा धडा आपल्यालाही लागू आहे. घरापासून दूर राहणाऱ्या आपणांस कधी नातलगाचे, कधी बँकेचे नाव घेऊन बोलावणे येते. कुलूप कितीही भक्कम असले, तरी किल्ली आपणच चोराच्या हाती दिली, तर शास्त्राचा इलाज चालत नाही. म्हणून गुप्तांक कोणालाही सांगू नये आणि पलीकडचा माणूस कोण, याची खात्री आपल्या जुन्या, ठाऊक असलेल्या क्रमांकावर स्वतः विचारून करून घ्यावी.

विश्वास हा समेसारखा आहे. तो ऐकून नव्हे, परस्परांना पारखूनच साधतो.