विसावा की व्यायाम?

स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीला घरची माणसे एकच सांगतात : ‘आता हालचाल नको, पडून राहा.’ डमडमच्या विमानतळापासून जवळ, राजारहाट येथे, २०११ पासून टाटा मेडिकल सेंटर चालू आहे. तेथून बरी होऊन घरी परतणाऱ्या स्त्रीच्याही कानी हाच उपदेश पडत असेल. तो मायेचा खरा. पण हिताचा आहे काय?

श्रोतेहो, प्राणवायू आपल्याला जगवितो, आणि त्याचीच काही उच्छृंखल रूपे पेशींना इजा करतात. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध ही रूपे वाढविते. हृदयाला त्याचा उपद्रव होतो, तो काही अंशी यामुळेच. दमछाक होईतो चालल्यानेही ती तात्पुरती वाढतात. मग व्यायाम घातक म्हणावा काय? नव्हे. नित्य, बेताचा श्रम घडला, म्हणजे शरीर सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखी आपली संरक्षक विकरे अधिक सज्ज ठेवते.

१९९६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेंझी यांनी अशा २४ स्त्रियांच्या हाती नावेची वल्ही दिली. श्रमाने हात सुजेल, अशी तेव्हा धास्ती होती. नव्याने एकीचाही हात सुजला नाही!

डमडमच्या गल्लीत नाव कोठली? पण चालता तर येते. डॉक्टरांच्या अनुमतीने, क्रमाक्रमाने वाढवीत, आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालावे. आणि घरच्यांनी तिला खाटेवर जपण्याऐवजी तिच्यासोबत बाहेर पडावे.