बाळाचा श्वास : केव्हा थांबावे, केव्हा धावावे?

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात बालरोग विभागाच्या वतीने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रत्येक विभागाने या मेळाव्यात आपल्या कामाचा आढावा सादर करावा, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. किती रुग्ण आले, किती बरे होऊन घरी गेले, हा तपशील अहवालातील तक्त्यांत आपणांस मिळेलच. यंदा बालरोग विभागाच्या वतीने आम्ही आढाव्याऐवजी एका प्रश्नाचे उत्तर देण्याची अनुमती मागितली आणि विश्वस्तांनी ती आनंदाने दिली. हा प्रश्न आम्हांला एका आजींनी विचारला होता.

ऐन पावसाळ्यात, एका पहाटे, त्यांचा चौदा महिन्यांचा नातू आमच्याकडे आणला गेला. चार दिवसांपासून त्याला सर्दी-खोकला होता. तिसऱ्या रात्री तो सारखा किरकिरत होता, दूध घेत नव्हता. चौथ्या दिवशी दुपारनंतर तो शांत झाला. रडणे थांबले, अंगही फारसे तापलेले नव्हते. आता उतार पडतो आहे, असे घरच्यांना वाटले आणि सकाळी डॉक्टरांकडे नेण्याचे ठरवून सारे झोपले. तो आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते. जे करणे शक्य होते ते सर्व आम्ही केले. तो वाचला नाही. काही दिवसांनी कागदपत्रे नेण्यासाठी आलेल्या आजी क्षणभर दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आम्ही काय बघायला हवं होतं?"

त्या प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणूनच तो आम्हांला अधिक लागला. त्याचे उत्तर पंधरा मिनिटांत सांगता येण्यासारखे आहे. ते त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम आमचे होते. मूल शांत झाले नव्हते, ते थकले होते. हा फरक ओळखता यावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

सर्दी आणि धाप

रांगणाऱ्या, चालू लागलेल्या मुलाला वर्षातून अनेकदा सर्दी-खोकला होतो. बहुतेक वेळा तो विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. नाक वाहते, घशात घरघर वाजते, रात्री खोकला वाढतो; परंतु मूल मधूनमधून खेळते, हसते, दूध पिते. अशा मुलासाठी रात्री-अपरात्री धावपळ करण्याचे कारण नसते.

संकट निर्माण होते ते आजार फुप्फुसात किंवा श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांत उतरला म्हणजे. लहान मुलाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. मोठ्या माणसाला जेवढ्या सुजेने केवळ खोकला येईल, तेवढ्याच सुजेने मुलाचा मार्ग निम्म्याहून अधिक बंद होऊ शकतो. न्यूमोनियात फुप्फुसातील हवेच्या पिशव्या द्रवाने भरतात, फुप्फुस कडक होते आणि शरीर लहान लहान, जलद श्वास घेऊन तूट भरून काढू पाहते. तेवढ्याने भागले नाही की छातीचे, मानेचे, पोटाचे स्नायू जोर लावतात. मुलाच्या बरगड्या मऊ असल्यामुळे ती ओढ बाहेरून दिसते. म्हणजेच मुलाचे शरीर आपली अडचण आपल्याला दाखवीत असते. अंगावरचा सदरा वर करून पाहण्याचे काम मात्र आपले.

एक मिनिटाची मोजणी

मूल शांत असताना, शक्यतो झोपेत किंवा आईच्या मांडीवर असताना, त्याचे पोट व छाती उघडी करावी. ते रडत असेल वा दूध पीत असेल तर मोजू नये. सेकंद काटा असलेले घड्याळ किंवा मोबाइल समोर ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजावे. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास झाला. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा मोह टाळावा, कारण मुलांचा श्वास मुळातच कमी-अधिक होत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा लक्षात ठेवण्यास सोपी आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर ते जलद समजावेत आणि मुलास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तापामुळेही श्वास वाढतो. म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजावे. परंतु मोजणी मर्यादेच्या आत असली, तरी पुढे सांगितलेल्यांपैकी एकही लक्षण दिसल्यास आकड्यावर विसंबू नये.

ही मोजणी शिकलेल्यांनाच जमते, असे मात्र नाही. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यदूत आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे उपकरण तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. गावातच निदान आणि उपचार झाल्याने तेथील बालमृत्यू घटल्याचे संशोधन १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खेड्यातील सुईणीला जे साधले, ते येथे बसलेल्या प्रत्येक आई-बापाला आणि आजी-आजोबांना निश्चित साधेल.

विनाविलंब निघावे अशी लक्षणे

श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, हे पहिले लक्षण. निरोगी मुलाने श्वास घेतला की छाती आणि पोट दोन्ही वर येतात. येथे पोट वर येते आणि बरगड्यांखाली खळगा पडतो. आपल्याकडे याला 'पोट उडणे' म्हणतात. त्याबरोबर नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाला मान हलणे, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येणे, ही सारी मूल शर्थ करीत असल्याची चिन्हे होत.

दुसरी खूण आवाजाची. नाक चोंदल्याची घुरघुर नाक साफ केल्यावर कमी होते. तिची चिंता नको. श्वास सोडताना शिटीसारखा सूर येत असेल तर बारीक नलिका आकसल्या आहेत. श्वास आत घेताना, तोही मूल शांत असताना, कर्कश आवाज येत असेल, तर स्वरयंत्राजवळ सूज असू शकते. अशा मुलाचा खोकला कुत्रा भुंकल्यासारखा वाटतो आणि बहुधा रात्री अचानक वाढतो. त्याला रडवू नये, घशात बोट किंवा चमचा घालून पाहू नये. मांडीवर बसवूनच रुग्णालयात आणावे.

तिसरी खूण वागण्याची, आणि आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. दूध किंवा पाणी पिता न येणे, घेतलेले सर्व उलटून पडणे, आकडी येणे, हाक मारूनही नीट न पाहणे, उचलल्यावर मान टाकणे. जोराने धापणारे मूल अन्य काही सुधारणा नसताना एकाएकी गप्प झाले, तर ते बरे झाले असे मानू नये. बरे होणारे मूल खायला मागते, खेळणे ओढते, डोळ्याला डोळा देते. थकलेले मूल नुसते पडून राहते. ओठ वा जीभ निळसर किंवा राखाडी दिसू लागेपर्यंत तर थांबूच नये. ती फार उशिराची खूण आहे.

दोन महिन्यांच्या आतील बाळाला श्वासाचा कोणताही त्रास असो वा ताप असो, घरी वाट पाहू नये.

२०२० नंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. मोठ्यांसाठीचे हे यंत्र चिमुकल्या, हलत्या, गार बोटावर खात्रीचा आकडा देत नाही. लक्षणे दिसत असतील तर यंत्रातील चांगल्या आकड्याने निश्चिंत होऊ नये.

खेळता खेळता ठसका

सर्दी नाही, ताप नाही, आणि खेळणाऱ्या मुलाला एकाएकी जोराचा ठसका लागला, तर काही अडकले आहे असे समजावे. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी, या वस्तू आमच्या नित्य परिचयाच्या आहेत. मूल जोरात खोकत किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्यावे आणि रुग्णालयाकडे निघावे. आवाजच फुटत नसेल, तर एक वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबावे. एक वर्षावरील मुलास पाठीवर पाच थापा आणि नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. अडकलेली वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे. मूल बेशुद्ध पडल्यास छाती दाबण्यास सुरुवात करून मदत बोलवावी. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नये. ती अधिक आत जाते. ठसका थांबल्यावरही खोकला मागे राहिला, तर मुलास अवश्य दाखवावे, कारण बी फुप्फुसाच्या नळीत उतरलेली असू शकते.

मायेने होणाऱ्या चुका

आमच्याकडे येणाऱ्या मुलांवर घरी झालेले उपाय मायेपोटीच झालेले असतात. तरीही काही टाळावेच लागतील. बाळाला ओव्याची धुरी देऊ नये. धूर, मग तो चुलीचा, उदबत्तीचा की विडीचा असो, नाजूक नलिकांना सूजच आणतो. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरते. वाफेच्या भांड्याने भाजलेली मुलेही आम्ही पाहिली आहेत. मेळघाटासारख्या भागात 'डंबा' म्हणून पोटावर चटके देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. त्यात आजार तर राहतोच, वर जखमेची भर पडते.

खोकल्याच्या पातळ औषधाविषयी विशेष सांगावयाचे आहे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात दूषित औषधामुळे लहान मुलांचे मृत्यू झाले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत, असे स्पष्ट केले. मागच्या वेळची उरलेली बाटली पुन्हा वापरू नये. याउलट, डॉक्टरांनी दिलेला 'पंप' मात्र सवय लागेल या भीतीने बंद करू नये. त्याने व्यसन लागत नाही.

साध्या सर्दीत घरी करावे ते एवढेच : थोडे थोडे, वारंवार स्तनपान किंवा पातळ आहार द्यावा, मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालून नाक मोकळे करावे, ताप असल्यास डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा, व रात्री झोपण्यापूर्वी एकदा, श्वास मोजावा. लसीही वेळेवर घ्याव्यात. न्यूमोकोकल लस भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि २०२१ पासून ती देशभर, सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत, मोफत मिळते.

आमची चूक आणि आमचा शब्द

आता आमच्या बाजूचे सांगितले पाहिजे. त्या पहाटे ते कुटुंब आले तेव्हा मुलाचे वडील केसपेपरच्या खिडकीपाशी उभे राहिले आणि आजी नातवाला घेऊन बाकावर बसल्या. तो वेळ काही मिनिटांचाच होता. त्याने निकाल बदलला असता की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु ती मिनिटे त्या मुलाची होती आणि ती आम्ही घेतली. त्यानंतर आम्ही नियम केला : धापणारे मूल दारात आले की आधी प्राणवायू, मग कागद. खिडकीवरील कर्मचारी, रखवालदार आणि आयाबाई यांनाही आम्ही वर सांगितलेली लक्षणे ओळखण्यास शिकविले आहे. कोणी आपणांस रांगेत थांबण्यास सांगितले तर "बाळाला धाप लागली आहे" असे मोठ्याने म्हणावे. संकोच करू नये. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

देणगीदारांना एवढेच सांगतो, की आपण दिलेल्या प्राणवायूच्या यंत्रांचा आणि मुलांच्या बोटाला बसणाऱ्या ऑक्सिमीटरचा उपयोग रोज होत आहे. परंतु मूल वेळेवर दारात आले, तरच त्यांचे चीज होते. म्हणून येत्या वर्षी नऊ महिन्यांच्या आणि दीड वर्षाच्या लसीसाठी येणाऱ्या प्रत्येक आईला, आणि सोबतच्या आजीलाही, आम्ही एक मिनिट श्वास मोजण्यास प्रत्यक्ष बसवून शिकविणार आहोत. त्यासाठी फार पैसा लागत नाही. दुपारच्या वेळी दोन तास देऊ शकतील अशा स्वयंसेवकांची मात्र गरज आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी मेळावा संपल्यावर बालरोग विभागात आपले नाव नोंदवावे, ही नम्र विनंती.