साहेब, पोरालाही होईल का?



दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या कंपनीतल्या एका जवानाचा गावाहून फोन आला. मुलाला इथे बेंगळुरूत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. अभिनंदन झालं, फीचं बोलणं झालं, मग तो गप्प झाला. म्हणाला, "साहेब, मला झालं ते पोरालाही होईल का?"

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. उंचावरच्या पोस्टवर असताना आधी त्याची झोप उडाली. मग जेवणात कोणीतरी काहीतरी कालवतंय, असं तो म्हणायला लागला. त्याला लष्करी रुग्णालयात पाठवताना मी कारण लिहिलं, 'घरी जमिनीचा वाद'. फौजेत चौकशी म्हटली की एक कारण लागतं. ब्रेक निकामी, वायर जळाली. पण वाद तर तिन्ही भावांचा होता, आजारी हा एकटाच पडला. त्याचे एक काका असेच 'भ्रमिष्ट' म्हणून घरात कोंडलेले असायचे, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याची रजा मीच नाकारली होती. तेही कागदावर नव्हतं.

फोननंतर मी वाचायला लागलो, डॉक्टरांना विचारत सुटलो. साधारणपणे शंभरात जेमतेम एकाला हा आजार होतो. आई किंवा वडिलांना असेल, तर दहात एका मुलाला. धोका दहापट, हे खरं. पण दहातली नऊ मुलं सुटतात, हेही खरंच. हुबेहूब जुळ्या भावांत एकाला झाला, तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. इथल्याच निम्हान्स आणि एनसीबीएस या संस्था मिळून अशा कुटुंबांचा अभ्यास करताहेत, जिथे एकाहून जास्त जणांना गंभीर मनोविकार आहे. एकाच रक्ताचे दोघे, मग एकच का आजारी पडतो, हा त्यातला मोठा प्रश्न.

रक्ताखेरीज बाकीची ओझीही असतात. जन्माच्या वेळची गुंतागुंत, लहानपणीचा छळ, परक्या शहरातलं एकटेपण. आणि कोवळ्या वयातला गांजा, ज्याच्याबद्दल आपली मुलं 'ती तर वनस्पती आहे' असं सांगतात. एकेक ओझं बहुतेकांना पेलतं. पिठ्ठूत सगळी एकदम भरली की चढण अवघड होते. म्हणून कुणी आजारी पडला की त्याने काय चूक केली, असं शोधू नका. कधी गांजाला न शिवलेलाही आजारी पडतो.

मुलगा आला तेव्हा बापाने माझ्या घरी जेवताना स्वतःच त्याला सगळं सांगितलं. माझ्याच्याने ते झालं नसतं. गांजा नको, रात्र-रात्र जागरण नको. झोप उडाली, लोक आपल्याबद्दल कुजबुजताहेत असं वाटू लागलं, तर लपवायचं नाही, लगेच डॉक्टरकडे जायचं. टेली-मानसचा 14416 हा नंबर त्याच्या फोनमध्ये आहे. फुकट आहे, रात्रीही चालतो.

तो रविवारी जेवायला येतो. परवा चिडून म्हणाला, "काका, दर वेळी झोप झाली का, असं विचारू नका ना. त्याचंच टेन्शन येतं." बरोबर आहे त्याचं. आता आधी क्रिकेटचं विचारतो.