बंदरावर धुरी, धुऱ्यावर डोळा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आपण जमलो ते कापसाच्या भावासाठी. ते बोलणे होणारच आहे. पण त्याआधी भावाइतक्याच महत्त्वाच्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. परदेशातून कापसाची गाठ येते तेव्हा तिच्यावर आयात शुल्क किती असावे यावर दिल्लीत वाद होतो. २०२५ साली ऑगस्टपासून डिसेंबरअखेर हे शुल्क काढून टाकले होते, ते आपल्या लक्षात आहे. पण त्या गाठीत बसून एखादी कीड आली, तर तिला शुल्कही नाही आणि परवानाही नाही. ती फुकट येते आणि बिल मात्र आपल्या नावाने फाटते.

१९०६ चा हुकूम

ज्वारीच्या कणगीत सोंडे पडतात, ते सगळ्यांनी पाहिले आहेत. त्याच जातकुळीतला एक सोंडकिडा अमेरिकेत कापसावर पडतो. मादी पातीला सोंडेने भोक पाडते, आत अंडे घालते. अळी आतल्या आत खाते, पाती गळून पडते. हा सोंडकिडा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सास राज्यात शिरला आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याने अमेरिकेचा बहुतेक कापूस पट्टा व्यापला. अलाबामा राज्यातल्या एंटरप्राइज गावच्या लोकांनी कापसाचा नाद कमी करून भुईमूग धरला, आणि ज्या किडीने ही वेळ आणली तिच्याच नावाने १९१९ साली भर चौकात पुतळा उभारला!

हे वर्तमान हिंदुस्थानात पोचले तेव्हा इंग्रज सरकार जागे झाले. १९०६ साली हुकूम निघाला : बाहेरून येणाऱ्या कापसाच्या गाठींना विषारी वायूची धुरी दिल्याशिवाय आत घ्यायचे नाही. १९१४ साली विनाशकारी कीटकांविरुद्धचा कायदा झाला. आज परदेशी रोपे, बियाणे, धान्य, कापूस यांच्या तपासणीचा जो २००३ चा आदेश आहे, तो याच कायद्याखाली निघालेला आहे.

इंग्रजाला आपल्या कास्तकाराचा कळवळा होता, असे कोणी समजू नये. त्याला गिरण्यांसाठी कापूस हवा होता. पण हिशेब त्याला बरोबर कळला होता. हा सोंडकिडा १९८३ साली ब्राझीलमध्ये सापडला आणि तिथल्या कापूसवाल्यांचे कंबरडे मोडले. भारतात तो आजही नाही. आपल्या कापसाला दुखणी थोडी नाहीत, पण हे एक दुखणे दारातच अडले.

आपली कीडही जहाजाने गेली

कीड तिकडूनच इकडे येते असेही नाही. गुलाबी बोंडअळीची शास्त्रात पहिली नोंद १८४३ साली झाली, ती आपल्याच देशातल्या भडोचच्या कापसावरून. ही अळी सरकीत घुसते, दोन सरक्या जाळ्याने जोडते आणि मधे झोपून राहते. वरून पाहिले तर सरकी ती सरकीच. अशा सरकीबरोबर गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात ती इजिप्तला पोचली. इजिप्तच्या सरकीतून १९११ साली मेक्सिकोत गेली आणि १९१७ साली टेक्सासमध्ये सापडली. तिला आपल्या देशातून पूर्ण हटवल्याची घोषणा अमेरिकेने २०१८ साली केली. म्हणजे अळी शिरल्यापासून ती जाईपर्यंत शंभर वर्षे लागली! वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, कामगंध वापरला, बीटी वापरले, शेतकऱ्यांनी वेळेवर पऱ्हाट्या उपटल्या. तिथल्या सरकारची ताकद केवढी! तरी शंभर वर्षे.

कीड कुठे लपते?

आम्हाला गावोगाव विचारतात, “माल तपासला म्हणजे झाले ना?” नाही. कीड नुसती मालात बसत नाही. यंत्र येते ते लाकडी पेटीत. त्या लाकडात भुंगेऱ्याची अळी असू शकते. म्हणून जगभर नियम झाला आहे, की परदेशी पाठवायच्या पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवायचे किंवा त्याला धुरी द्यायची, आणि त्यावर लोंबीच्या चित्राचा शिक्का मारायचा.

खपरा भुंगेरा तर आपल्या कोठारातला जुना चोर. त्याची अळी अन्नावाचून काही वर्षे फटीत पडून राहते. माल उतरला, कंटेनर झाडला, तरी फटीत ती असतेच. २०२० साली ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्या फ्रीजच्या वेष्टनात खपरा सापडला. फ्रीजमध्ये दाणा नाही, गोणी नाही, तरी सापडला. आशियातला एक पतंग तर रात्री बंदरावरच्या दिव्यांकडे येतो आणि जहाजाच्या अंगावरच अंडी घालतो. म्हणून जपान, कोरिया, चीनकडून येणारी जहाजे अमेरिका आणि कॅनडावाले अंड्यांसाठी तपासतात.

आत आल्यावर कोण भरतो?

मक्यावरची आणि ज्वारीवरची नवी लष्करी अळी आठवा. ती मूळची अमेरिका खंडातली. २०१६ साली पश्चिम आफ्रिकेत दिसली, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याला सापडली आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात आली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकतो. त्याला कोणता तलाठी अडवणार?

हिशेब सरळ आहे. बंदरावर धुरी द्यायची तर एक बंद खोली, थोडा वायू, चार प्रशिक्षित माणसे लागतात. तीच कीड शिवारात आली, तर प्रत्येकाच्या पाठीवर पंप येतो. फवारणीत काय होते, ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. विषबाधेने माणसे गेली. बंदरावर वाचवलेला एक रुपया शिवारात कितीतरी पटीने वसूल होतो, आणि तो आपल्याकडून होतो. आयात करणारा त्यात कुठेच नसतो.

खोटी भिंत नको

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतील, “मग किडीचे कारण सांगून आयातच बंद करून टाका!” आमचे याला साफ नाही म्हणणे आहे. २०१४ साली युरोपने फळमाशी सापडली म्हणून आपला हापूस अडवला. माशी खरी होती. आपण व्यवस्था सुधारली, २०१५ च्या जानेवारीत बंदी उठली. उद्या आपण किडीचा खोटा बाऊ केला, तर तसाच खोटा बाऊ आपल्या आंब्या-द्राक्षांचा करायला कोणाला अडवणार? १९९५ पासूनचा जागतिक करारही हेच सांगतो : अडवायचे तर शास्त्राच्या पुराव्याने. भावाची लढाई भावाच्या मैदानात करू. पण उलट बाजूने कोणी म्हणाला, “वेळ जातो, खर्च होतो, धुरीची अट सैल करा,” तर त्यालाही आपण हाच प्रश्न विचारायचा : शास्त्राचा पुरावा काय?

मागायचे काय, करायचे काय?

सरकारकडे आपली मागणी तीन गोष्टींची. एक, बंदरावर तपासणीला पुरेशी माणसे आणि साधने द्या. दोन, रिकामे कंटेनर, बारदान आणि लाकडी पेट्याही मालाइतक्याच काटेकोरपणे तपासा. तीन, कोणत्या मालात कोणती कीड पकडली याची माहिती दर महिन्याला मराठीत जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात लावा. चोर कोणत्या वाटेने येतो हे घरधन्याला कळलेच पाहिजे.

आणि आपली कामेही तीन. परदेशातून कोणी खिशात घालून आणलेले किंवा टपालाने आलेले बियाणे पेरायचे नाही, मग ते कितीही नवलाचे असो. तालुक्यात परदेशी गाठी येणारी गिरणी असेल तर तिच्या आजूबाजूच्या पऱ्हाट्यांवर जास्त लक्ष ठेवायचे. आणि कधी न पाहिलेला किडा दिसला तर लगेच फवारा मारून मोकळे व्हायचे नाही. चार किडे बाटलीत थोड्या स्पिरिटमध्ये घाला, चिठ्ठीवर गाव, पीक, तारीख लिहा आणि कृषी विज्ञान केंद्रात द्या. नवी कीड एका वावरात सापडली तर तिला घेरता येते. दहा गावांत पसरली की फक्त पंप उरतो.

बंदरावरचा राखणदार सरकारने नेमायचा. तो जागा आहे की नाही हे आपण विचारायचे. आणि शिवारातली राखण तर आपलीच आहे. म्हणून प्रत्येक गावाने एवढे दोनच शब्द घेऊन जावे : बंदरावर धुरी, धुऱ्यावर डोळा.