शेठ, आज तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलंय



जिल्हाभरातले आपण ग्रंथपाल, कार्यकर्ते आणि वाचक अधिवेशनासाठी ज्या चिपळूण गावात जमलो आहोत, तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना 1864 सालची. 2013 साली 86वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या महापुराच्या दोन तारखाही इथे कुणाला विसरता येत नाहीत. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस, खाडीची भरती आणि पात्रात साचलेला गाळ यांची गाठ पडली की वाशिष्ठी नदी थेट बाजारपेठेत शिरते.

आज आपण ज्यांचा सत्कार करणार आहोत, ते याच पेठेतले किराणा-भुसार मालाचे व्यापारी. पेठ त्यांना नुसतं ‘शेठ’ म्हणते. पत्रिकेत नाव छापायचं नाही, या एकाच अटीवर त्यांनी सत्काराला होकार दिला. ती अट मी इथेही पाळतो. ते कोण, हे या सभागृहात सांगावं लागणार नाही.

एकवीसच्या पुरात त्यांचं दुकान पाण्याखाली गेलं. साखर विरघळली, तांदळाच्या गोणी फुगून फुटल्या. वरचा मजला तेवढा कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर कुणीही तिथे उरलासुरला माल चढवला असता. शेठनी तो मजला आमच्या गल्लीतल्या छोट्या वाचनालयाला दिला. वाचनालयातली भिजलेली पुस्तकं कपाटातच इतकी फुगली होती, की फळ्या तोडून ती बाहेर काढावी लागली.

आम्ही ती उन्हाची तिरीप पडेल तिथे पसरायला निघालो होतो. शेठनी अडवलं. म्हणाले, “ओलं धान्य कडक उन्हात टाकलं की दाणा तडकतो. ह्यांचीही बांधणी वाकडी होईल. सावलीत, वाऱ्यावर ठेवा.” गुळगुळीत कागदाची बालपुस्तकं त्यांनी आधी हातात घेतली, कारण तसली पानं चिकटून वाळली की पुन्हा सुटत नाहीत. इतर पुस्तकांत दर थोड्या पानांमागे पुड्या बांधायचा कोरा कागद सरकवला. छापील रद्दी घालू देईनात, तिची शाई ओल्या पानावर उतरते म्हणून. ते कागद सकाळ-संध्याकाळ बदलायचे. वीज नव्हती, पंखे नव्हते, बाहेर पावसाळी दमट हवा. दिवसा स्वतःच्या दुकानातला चिखल उपसून हा माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात पानं उलटत बसायचा. सगळी पुस्तकं वाचली नाहीत, पण जी वाचली ती आजही वाचकांच्या हातात फिरताहेत.

पूर तर कधीतरी येतो. शेठचं रोजचं काम मला त्याहून मोठं वाटतं. जिना उतरवत नाही अशा आजी-आजोबांच्या किराणा मालाच्या यादीत शेवटी एखादी ओळ असते : ‘तूरडाळ दोन किलो, गुळाची ढेप एक, आणि गोनीदांचं काहीतरी.’ पिशवी घरी पोचते तेव्हा पुस्तक तिच्यात असतंच. शेठ स्वतः वाचनालयात येऊन, निवडून, वहीत नोंद करून ते नेतात. मागचं पुस्तक परतही तेच आणतात. आणि कुणाची उधारी थकली, म्हणून त्या घरचं पुस्तक थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

मित्रहो, आपल्या प्रत्येक वाचनालयात देणगीदारांचा संगमरवरी फलक असतो. रकमेप्रमाणे नावं, मोठ्या रकमेला मोठी अक्षरं. देणगी हवीच, तिच्याविना आपलं चालत नाही. पण जो आपला वेळ देतो, धंद्यात कमावलेलं शहाणपण देतो, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही, हे मला फार लागतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 सालचा. तेव्हापासून अनुदानासाठी आपण पै-पैचा हिशेब चोख ठेवायला शिकलो. आपल्या वार्षिक अहवालात श्रमदानाचंही एक पान असावं, अशी माझी या अधिवेशनाला आग्रहाची विनंती आहे. तसा ठराव खुल्या सत्रात मांडणार आहे, आपण पाठिंबा द्यावा.

भाषण करायला शेठनी नकार दिलाय. मात्र भिजलेली पुस्तकं कशी वाळवायची, हे दाखवायला ते आनंदाने तयार झालेत. नदीकाठच्या, खाडीकाठच्या वाचनालयांच्या प्रतिनिधींनी जेवणानंतर त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर अवश्य यावं. तिथे खुर्च्या नाहीत, गोणपाटावर बसावं लागेल. आणि शेठ, आता व्यासपीठावर यावं. अध्यक्ष महोदयांच्या हस्ते शाल-श्रीफळ स्वीकारावं.