अर्ध्या वाट्याचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते या शाळेत अंकगणित शिकवीत. उत्तर बरोबर असले तरी रीत मांडली नसेल, तर ते गुण देत नसत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. तरीही आजचा विषय हिशेबाचाच घेतला आहे. तो म्हणजे घटस्फोटानंतरची मालमत्तेची वाटणी.

पत्नीला आपण अर्धांगिनी म्हणतो. इतरत्र हा शब्द गौरवापुरता राहतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात पोटगी आहे, लग्नप्रसंगी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंविषयीही तरतूद आहे; पण पतीच्या नावावरील मिळकतीत पत्नीचा अर्धा वाटा नाही. गोव्यात तो आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून येथे लागू झाली आणि 1961 च्या मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग टिकला. विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर उभयतांची आधीची व नंतरची मालमत्ता सामान्यतः सामाईक होते. करार करावयाचा तो लग्नाआधीच. मागाहून पालटता येत नाही. पोटगी या शब्दात पोट आहे. वाट्यात हक्क आहे.

परंतु अर्धा वाटा म्हणजे कशाचा अर्धा? काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घटस्फोटानंतरच्या इन्व्हेंटरीचे कागद घेऊन माझ्याकडे आली. पतीचे कापडाचे दुकान होते. बावीस वर्षे ती गल्ल्यावर बसली होती, उधारीची वही तिनेच लिहिली होती. पतीने दिलेल्या यादीत लाकडी कपाटे, काउंटर, शिवणयंत्र आणि शिल्लक कापड एवढेच होते. तिने विचारले, "सर, यात दुकान कुठे आहे?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्या दोन शब्दांतील अंतर नव्याने उमगले. किंमत हा शब्द अरबीतून आला. मूल्य संस्कृतातला, आणि त्यात मूळ आहे. यादीत कपाटांची किंमत होती, दुकानाचे मूल्य नव्हते.

हा भेद आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका दुकानात 8 लाखांचा माल व 2 लाखांचे सामान आहे आणि 3 लाखांचे देणे आहे. नक्त मालमत्ता 7 लाख; अर्धा वाटा साडेतीन लाख. आता दुसरी रीत पाहा. चालविणाऱ्याच्या श्रमाचा वाजवी पगार वजा जाता दुकान वर्षाला 4 लाख नफा देते. विकत घेणारा आपल्या पैशावर शेकडा 20 परतावा अपेक्षितो असे धरले, तर दुकान 20 लाखांचे ठरते. अर्धा वाटा 10 लाख. मधले साडेसहा लाख म्हणजे बाजारातील नाव, ठरलेली गिऱ्हाइके, वर्षानुवर्षांचा विश्वास. अर्थात गिऱ्हाईक दुकानाला बांधलेले आहे की मालकाच्या व्यक्तिगत कसबाला, हेही तपासावे लागते. नाहीतर अन्याय उलट्या बाजूस होईल. कर्जेही सामाईक असतात, म्हणून ताटातुटीच्या तोंडावर दाखविलेले कर्ज विशेष बारकाईने पाहावे.

नफ्याचा पुरावा कोठून आणावा? येथे प्राप्तिकराचा कायदा अनपेक्षितपणे साक्षीला येतो. 1961 च्या कायद्यात 1994 साली कलम 5अ घालण्यात आले, तेही 1963 पासून लागू समजून. सामाईक मालमत्ता असलेल्या दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न त्यानुसार दोघांत निम्मे निम्मे विभागले जाते. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावे राहतो. म्हणजे दुकानाचा अर्धा नफा पत्नीच्या विवरणपत्रात दरवर्षी लिहिला जातो. माझ्या विद्यार्थिनीच्या कपाटात तिच्याच सहीची अशी अकरा विवरणपत्रे निघाली. तिने सह्या केल्या होत्या. वाचले एकही नव्हते. कर वाचविण्यासाठी ज्याने नफा कमी दाखविला असेल, त्याचे कागद अपुरे बोलतील हे खरे. तरी ते मुके नसतात.

तिने यादीवर हरकत घेतली. अखेर तडजोडीत दुकानाचा आकडा वाढला. दुकान पतीकडे राहिले, तिला फरकाची रक्कम मिळाली. वाटप जमले नसते तर आपसांत बोली लागली असती. आणि बोलीत ज्याच्या हाती रोकड, तोच वरचढ ठरतो. म्हणून मूल्य आधी नीट ठरणे महत्त्वाचे.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असे सांगितले. त्यामागील तत्त्व गुरुजींचेच आहे: उत्तर सांगण्यापूर्वी रीत मांडा.

विद्यार्थिनींनो, तुमचा संसार सुखाचा होवो आणि या ज्ञानाची गरज तुम्हांस न पडो. तरीही घरातील वही उघडून पाहा, ज्या कागदावर सही कराल तो आधी वाचा आणि त्याची एक प्रत जवळ ठेवा. हा अविश्वास नव्हे. अर्धे अंग म्हणविणाऱ्याला पूर्ण हिशेब ठाऊक असावा, एवढेच माझे म्हणणे.